व्हिएन्नातील संयुक्त लष्करी गस्त : एका जीपचा इतिहास (१९४५-१९५५)

लष्करी पोलिसांच्या वाहनाचा विचार सामान्यतः वेग व उपयुक्तता या निकषांवर केला जातो. तथापि वाहन हे सत्तेचे दृश्य रूपही असते, हे व्हिएन्नाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन व फ्रान्स यांनी हे शहर आपापसांत विभागून घेतले. मध्यवर्ती पहिला विभाग मात्र संयुक्त प्रशासनाखाली राहिला. त्याचे अध्यक्षपद दरमहा आळीपाळीने बदलत असे. तेथील गस्तीसाठी चारही राष्ट्रांचा एकेक लष्करी पोलीस एकाच वाहनात बसे. वाहन अमेरिकन असल्याने चालकही अमेरिकनच असे. आरंभीच्या उघड्या जीपची जागा पुढे मोठ्या वाहनांनी घेतली, तरी ‘जीपमधील चौघे’ हेच नाव रूढ राहिले. १९५१ मध्ये त्याच नावाचा स्विस चित्रपटही निघाला.

१९४८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी बर्लिनच्या संयुक्त प्रशासनातून बाहेर पडले व पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली. व्हिएन्नातील गस्त मात्र १९५५ च्या राज्य करारानंतर परकीय सैन्य परत जाईपर्यंत टिकली. ऑस्ट्रियाचे विभाजन टळण्याचे श्रेय एका जीपला देणे अतिशयोक्त ठरेल. परंतु परस्परांविषयी साशंक असलेल्या सत्तांमधील किमान सहमती तिच्यामुळे नागरिकांना रोज रस्त्यावर दिसत राहिली, हेच तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.