केसांच्या गोळीवरचा वंध्यत्वाचा आरोप

टकलावरची फिनास्टेराइडची गोळी घेतली की मूल होत नाही, हा समज लग्नाळू तरुणांत पक्का बसला आहे. पूर्वपक्ष असा : गोळी पुरुषी संप्रेरक मारते, वीर्य त्याच संप्रेरकावर पोसते, म्हणून गोळी वंध्य करते. यातले पहिलेच विधान टिकत नाही.

फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉन मारत नाही. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटीत रूपांतर करणारे विकर ते अडवते. केसांची मुळे खुरटवतो तो डीएचटी. रक्तात तो सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. टेस्टोस्टेरॉन उलट थोडे वाढते, आणि शुक्रजंतू घडवण्याचा मुख्य भार त्याच्यावरच असतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८१ पुरुषांना ४८ आठवडे १ मिलिग्रॅमची गोळी किंवा औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही गटांच्या वीर्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

कामेच्छा किंवा ताठरता कमी होण्याची तक्रार वेगळी, आणि ती खोटी नाही. मूळ चाचण्यांत अशा तक्रारी औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के, न घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. गोळी सोडल्यावरही त्रास उरल्याच्या नोंदी २०११ पासून अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आहेत. पण कामेच्छा घटणे म्हणजे वंध्यत्व नव्हे.

मग आरोप निराधार का? तसेही नाही. वरची चाचणी निरोगी पुरुषांवरची होती. २००७ च्या एका अभ्यासात ५ मिलिग्रॅमवर सहा महिन्यांत शुक्रजंतू सरासरी एक तृतीयांशाने घटले. गोळी चालू असतानाच ही घट पुढे ओसरली; मोजक्यांची संख्या मात्र फारच खाली गेली. २०१३ साली टोरोंटोच्या डॉक्टरांनी वंध्यत्वासाठी आलेल्या, ही गोळी घेणाऱ्या २७ पुरुषांची नोंद मांडली. गोळी थांबवल्यावर त्यांची शुक्रजंतूसंख्या सरासरी अकरा पटींहून अधिक वाढली.

दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. ज्याची संख्या भरपूर, त्याला घट जाणवत नाही. जो आधीच काठावर, तो तिच्याने खाली घसरतो, आणि ही घसरण बहुधा भरून येते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून वीर्यतपासणीत संख्या कमी निघाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीनेक महिने गोळी थांबवून पुन्हा तपासावे.

आरोपाचे खरे नुकसान इथे होते. लाजेपोटी नवरा गोळीचे नाव घेत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि फुकटचा उपाय राहून जोडपे महागड्या टेस्ट ट्यूब उपचाराला लागते.