आजी

‘मातृ’पासून प्राकृताच्या वाटेने झालेली ‘माय’ विदर्भात अजून घरोघरी ऐकू येते. ‘आजी’ची वाट मला त्याहून ओढ लावते. संस्कृतात ‘आर्या’ म्हणजे आदरणीय स्त्री. प्राकृतात तिची ‘अज्जा’ झाली, पालीत ‘अय्या’, आणि त्याच वाटेने मराठीत ‘आजी’. भिक्षुणींना याच आदराने ‘अय्ये’ म्हणून हाक मारत, आणि पालीत आजीला शब्द आहे ‘अय्यिका’. पाली त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायात अय्यिका सुत्तच आहे! कोसलचा राजा पसेनदी भर दुपारी बुद्धांकडे येतो. त्याची एकशेवीस वर्षांची आजी वारलेली असते. ती वाचणार असती, तर हत्ती, घोडे, गावं, जनपदसुद्धा देऊन टाकला असता, असं तो म्हणतो.

नागपूरच्या बौद्ध घरांत आजीच्या आठवणी निघतात, तेव्हा मला हे सुत्त आठवतं. इथल्या कित्येक आज्या 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षेच्या वेळी दीक्षाभूमीवर होत्या. त्याआधी, 20 जुलै 1942 ला याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी मागितली. त्या पिढीच्या बायकांना भेटून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केलं. पण त्यात न आलेल्या आज्या कितीतरी. त्यांची नातवंडं आज पन्नाशी-साठीची आहेत, आणि त्यांनी ऐकलेलं अजून वहीत उतरायचं आहे.