हर-टू: आधी वाईट बातमी, मग औषधाचा पत्ता

स्तनाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट तुम्ही कधी पाहिला असेल, तर 'हर-टू ३+' असं काहीतरी वाचलेलं आठवेल. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं टायरोसिन कायनेज. प्रथिनातल्या टायरोसिनला ते फॉस्फेट चिकटवतं आणि पेशीला 'वाढ' असा निरोप जातो.

१९८७ साली लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन आणि जेनेनटेक कंपनीतले अ‍ॅक्सेल उलरिच यांच्या गटाने १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती निघाल्या. त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता, मृत्यूही लवकर येत होता. म्हणजे तपासणी वाईट बातमी तेवढी सांगायची. हातात उपाय काहीच नव्हता!

मग उंदराची अँटिबॉडी आली. पण उंदराचं प्रथिन आपलं शरीर परकं समजतं. म्हणून हर-टूला चिकटणारा भाग ठेवून बाकीची अँटिबॉडी मानवी केली गेली. हीच ट्रास्टुझुमॅब.

मला विचाराल तर खरी हुशारी पुढेच आहे. मुख्य चाचणीत ४६९ बायका घेतल्या, त्या सगळ्या हर-टू पॉझिटिव्ह. सरसकट सगळ्यांना दिलं असतं, तर सरासरीत औषध बहुधा नापासच झालं असतं. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली, आणि सोबतच ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या तपासणीलाही.

आजही रिपोर्ट '२+' आला की पॅथॉलॉजिस्ट 'फिश' करायला सांगतात. त्यात जनुकाच्या प्रतीच मोजतात.