413 की 431?

लातूरचा पिन कोड 413512. आता दुसरा आणि तिसरा आकडा उलटा करून बघा: 431512. हाही खराच पिन आहे, पण वसमतचा! एक बोट चुकलं की लातूरचं पाकीट थेट नांदेडच्या (431601) शेजारी. पिनमध्ये चूक पकडणारा तपासणीचा आकडाच नाही, त्यामुळे संगणक बिचारा मुकाट मान डोलावतो.

पण या दोन गावांना इतके वेगळे आकडे का? याचं उत्तर इतिहासात आहे.

पिन कोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. उस्मानाबाद (आता धाराशिव) 413501, म्हणजे सोलापूरच्या 413 मध्ये, लातूरही तिथेच. नांदेड मात्र औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) 431 मध्ये.

लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये. पिन बदलला नाही. पुढे 1989 पासून गाड्यांवर एमएच आलं, तेव्हा लातूरला स्वतःचा आकडा मिळाला: 24. धाराशिव 25, नांदेड 26. हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून निघाला, तर त्याला 38. परभणीच्या 22 शेजारी जागा कुठे होती? म्हणजे वसमतच्या पिनात जुना नकाशा, गाडीच्या पाटीवर नवा. गंमत आहे की नाही?

आमच्या धंद्यात हेच चालतं. वायफायच्या संदेशातल्या प्रत्येक तुकड्याला एका बाइटचा क्रमांक असतो, 0 ते 255. तो वाटायचा हक्क आयट्रिपलईचा. वायफाय अलायन्सला 2003 मध्ये डब्ल्यूपीए घाईने आणायचं होतं, आयट्रिपलईचं 802.11आय यायला 2004 उजाडलं. मग अलायन्सने शहाणपणा केला: नवा क्रमांक बळकावला नाही. कंपन्यांच्या खाजगी वापरासाठी ठेवलेला 221 घेतला, आणि आत मायक्रोसॉफ्टची ओळख 00-50-एफ2 टाकली. आयट्रिपलईने पुढे स्वतःचा 48 वापरला. कुणाचं कुणाशी भांडण नाही.

चीनच्या वापी सुरक्षेचं मात्र तसं झालं नाही. तिने 68 वापरला, आणि आयट्रिपलईच्या 802.11के ने तोच 68 दुसऱ्याच कामाला दिला. आता 68 दिसला की सॉफ्टवेअरला आत डोकावून ठरवावं लागतं, हा पाहुणा नेमका कोण! एका घराला दोन मालक असले की पोस्टमनचे हाल, दुसरं काय.

तर धडा साधा आहे. वही एकाकडेच असावी, दिलेला क्रमांक परत घेऊ नये, आणि वाढीला जागा सोडावी. वेलणकरांनी पिन काढला तोच मुळी एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्या यांचा गोंधळ मिटवायला. नावाला आकड्याचा आधार. पण 413 चं 431 झालं, तर पाकीट वाचवणार शेवटी नावच.

तेव्हा मंडळी, पिनसोबत 'लातूर' ठळक लिहीत चला. :)