‘पॉलिश’ : एका शब्दाचे दोन अर्थ आणि जुन्या मोटारीचा रंग

परभाषेतील शब्द आपल्या भाषेत आला की ‘वस्तू नवी, म्हणून शब्द नवा’ असा त्याचा खुलासा सामान्यतः केला जातो. वस्तुवाचक नामांपुरता तो बहुधा पुरतो. क्रियावाचक शब्दांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. मोटार ही वस्तू मराठी समाजाला नवी होती. परंतु पृष्ठभाग धुणे, घासणे, उजळणे, त्यावर संरक्षक लेप देणे या क्रिया मुळीच नव्या नव्हत्या. शस्त्रे, दागिने, कागद, पितळी भांडी आणि लाकडी सामान यांना चकाकी आणण्याच्या कला येथे होत्या आणि प्रत्येक कलेला तिचे नाव होते. ही नावे मागे पडून त्यांच्या जागी ‘पॉलिश’ हा एकच शब्द रूढ झाला. या बदलात एक महत्त्वाचा अर्थभेद बुजला व त्याचे परिणाम केवळ कोशापुरते राहिले नाहीत. महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत जुन्या मोटारींची घरच्या घरी जी निगा राखली जाते, तिच्या आधाराने हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम जुने शब्द पाहू. चकाकीसाठी मराठीत रूढ असलेल्या देशी शब्दांपैकी ‘ओप’ हा एक होय. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त (१२ वे शतक) ‘ओप्पा’ हा शब्द रत्ने सहाणेवर घासून उजळण्याच्या अर्थी दिला आहे. म्हणजे मुळात हा शब्द झिजवण्याच्या क्रियेचा. मराठीत मात्र ‘ओप’ त्या क्रियेच्या फळाला, म्हणजे तेजाला, लावला जातो. ‘झिलई’ किंवा ‘जिल्हई’ हा शब्द अरबी ‘जिला’पासून आला. त्याचाही मूळ अर्थ गंज वा मळ काढून टाकून मूळचे तेज उघडे करणे असा. हे काम करणाऱ्या कारागिराला ‘शिकलगार’ म्हणत. अरबी ‘सैकल’ या शब्दाला फारसी ‘गर’ प्रत्यय लागून हे नाव झाले असून ते आज आडनावातही टिकून आहे. ओप, झिलई आणि शिकलगारी या तिन्ही शब्दांच्या मुळाशी पृष्ठभागावरून काहीतरी काढून टाकण्याची कल्पना आहे.

दुसरा वर्ग याच्या उलट आहे. ‘रोगण’ हा फारसी ‘रौगन’, म्हणजे तेल किंवा स्निग्ध पदार्थ. जवसाचे तेल व राळ यांपासून केलेला लेप या अर्थी तो मराठीत स्थिरावला. ‘कल्हई’ हा अरबी ‘कलई’, म्हणजे कथील. रोगण आणि कल्हई या दोहोंत पृष्ठभागावर काही चढवले जाते. तिसरा वर्ग ‘घोटणे’ या क्रियापदाचा. हस्तलिखितासाठी कागद गुळगुळीत दगडाने घोटत, तेव्हा त्यावरून काही काढले जात नसे वा त्यात काही घातलेही जात नसे. आहे तेच दाबून सपाट केले जाई. अशा रीतीने काढणे, चढवणे आणि घोटणे या तीन क्रिया भाषेत वेगळ्या राखलेल्या होत्या.

हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळला जात होता असे मात्र म्हणता येणार नाही. कुंभारकामात ‘झिलई’ हा शब्द मातीच्या भांड्यावर चढवलेल्या काचेसारख्या थराला लावला जातो. म्हणजे काढण्याचा शब्द येथे चढवण्याकडे वळला. चकाकी हे फळ दोन्हीकडे सारखेच दिसते. त्यामुळे फळाचे नाव क्रियेला आणि एका क्रियेचे नाव दुसरीला लागणे स्वाभाविक होते. ‘पॉलिश’ने जो गोंधळ पूर्ण केला, त्याचे बीज असे आधीच पडलेले होते.

लॅटिन ‘पोलीरे’पासून आलेला हा इंग्रजी शब्द मराठीत निरनिराळ्या वाटांनी शिरला. बुटाला पॉलिश करतात तेव्हा मेण व रंग चढवला जातो. लाकडी कपाटाला पॉलिश करतात तेव्हा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ थर एकावर एक दिले जातात. परंतु गिरणीत तांदळाला पॉलिश करतात तेव्हा दाण्यावरील कोंड्याचा थर काढून टाकला जातो. महाड व पोलादपूर हा भाताचा मुलूख. ‘पॉलिशचा तांदूळ’ आणि ‘हातसडीचा तांदूळ’ हा भेद येथील शेतकऱ्याच्या घरात शिकवावा लागत नाही. पॉलिश केल्याने तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, पण त्यातले काहीतरी गेलेले असते, हे त्याला ठाऊक असते. तोच मनुष्य दारातल्या मोटारीला पॉलिश करतो तेव्हा मात्र त्याच्या मनात बहुधा बूट असतो, तांदूळ नसतो. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

मोटार या भागात कशी आली, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून महाडला येण्याची एक रूढ वाट समुद्राची व सावित्री नदीची होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी बोटीने येऊन दासगाव बंदरात उतरले होते. महाडजवळ सावित्रीवरील दगडी पूल १९२८ साली बांधला गेला; तोच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि त्याच्या जागी बांधलेला नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या दोन घटनांच्या मधल्या काळात मुंबई-गोवा रस्ता या प्रदेशाचा प्रमुख मार्ग बनला. पोलादपूरपाशी त्याच्या एका बाजूस आंबेनळी घाटातून महाबळेश्वरची वाट फुटते आणि पुढे कशेडी घाट लागतो. मुंबईत नोकरीस असलेल्यांच्या मोटारीही याच रस्त्याने गणपतीला गावी येऊ लागल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातील फियाट व पुढे ‘पद्मिनी’, आणि उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर, या त्या काळच्या परिचित गाड्या होत.

मोटारीच्या रंगाचा इतिहासही या शब्दार्थाशी जोडलेला आहे. आरंभी मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच तेलाचे रोगण देत. थरावर थर देऊन ते वाळवण्यास काही आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ नावाचे नायट्रोसेल्यूलोजचे लॅकर बाजारात आणले आणि १९२४ च्या ओकलंड मोटारींवर ते वापरले गेले. ते फवाऱ्याने देता येई व झटपट वाळे. भारतातील गॅरेजांत ‘ड्यूको’ हे पुढे मोटारीच्या फवारणी-रंगाचे जवळजवळ सामान्यनाम झाले. या रंगाचा एक विशेष असा की फवारल्यावर तो बराचसा मंद दिसे. बारीक कणांच्या लेपाने तो घासल्यावरच त्याला तेज चढे. या घासण्याला कारागिरांनी ‘रबिंग’ म्हटले आणि त्यानंतर मेण लावण्याला ‘पॉलिश’. ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द गॅरेजमध्ये आजही ऐकू येतो आणि त्यात काढणे व चढवणे यांचा जुना भेद शाबूत आहे. घरी मात्र जोडशब्दातले पहिले पद गळाले. दुकानात मिळणारा डबा घासण्याचा असो की मेणाचा असो, दोन्हींना ‘पॉलिश’ हेच नाव राहिले.

यातून होणारे नुकसान भरून येणारे नसते. जुन्या मोटारींवर सामान्यतः एकाच प्रकारच्या रंगाचा थर असतो. नंतरच्या मोटारींवर असतो तसा निराळा पारदर्शक थर त्याच्यावर नसतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने वरची राळ विघटित होते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी पांढुरकी कळा येते. घासण्याच्या लेपाने हा मेलेला थर निघतो व खालचा ताजा रंग उजळतो. कापडाला गाडीचा रंग लागतो तो यामुळेच. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापड घासून पाहिल्यास, त्याला रंग लागतो की नाही यावरून पारदर्शक थर आहे किंवा नाही याचे अनुमान करता येते. परंतु रंगाची एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. बॉनेटच्या कडा, दारांच्या धारा आणि मडगार्डची उभार वळणे येथे तर तो आणखी पातळ असतो. दर सणाला बुटाप्रमाणे ‘पॉलिश’ केलेल्या गाडीच्या या धारांवर काही वर्षांत अस्तराचा रंग दिसू लागतो आणि त्यानंतर पावसाळ्यात पत्रा गंजतो. जेथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तेथे हे नुकसान वेगाने वाढते.

‘धुणे’ आणि ‘पुसणे’ यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. धुताना पाणी मळ वाहून नेते. पुसताना हात तो मळ पृष्ठभागावरून ओढतो. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम दीर्घकाळ चालले असता खडीची धूळ आणि डोंगरउतारांची तांबडी माती गाडीवर बसत राही. अशा गाडीवर एका बादलीतले ओले फडके फिरवणे म्हणजे ती पुसण्याच्या नावाखाली घासणेच होय. २२ जुलै २०२१ च्या महापुराने हाच धडा मोठ्या प्रमाणावर दिला. महाड शहर पाण्याखाली गेले, पोलादपूर तालुक्यातही हानी झाली आणि पाणी ओसरल्यावर गाड्यांवर गाळाचा थर वाळू लागला. वाळलेला गाळ फडक्याने खरडला की रंगावर ओरखडे उठतात. तो भिजवून, मऊ करून, भरपूर पाण्याने वाहू देणे हाच त्यावर उपाय असतो.

रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चमकवण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी आहे, तिच्यात ‘रोगण’ शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे तेल, जणू पुन्हा डोके वर काढतो. तेलकट थराने पांढुरकी कळा तात्पुरती झाकली जाते. पण रॉकेल उडून जाते आणि उरलेल्या चिकटपणावर नवी धूळ बसते. येथे काढण्याचे काम झालेले नसते आणि टिकाऊ असे काही चढलेलेही नसते.

योग्य क्रम कोणता, हे सांगण्यासाठी नवी परिभाषा घडवण्याची गरज नाही. कल्हईवाल्याच्या कामात तो क्रम पूर्वीपासून आहे. तो भांडे आधी घासून स्वच्छ करी, तापवून नवसागराने त्याचा पृष्ठभाग तयार करी आणि मगच कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरी. भांडे दर खेपेस खरडून झिजवण्यापेक्षा वरचा कथलाचा थर झिजू द्यावा, हे कल्हईमागचे तत्त्व होय. मोटारीच्या बाबतीतही तसेच आहे. सावलीत, पत्रा थंड असताना, वरून खाली पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. सौम्य साबण व मऊ सुती कापड वापरावे. साबणाच्या पाण्याची बादली आणि कापड खळबळण्याची बादली वेगळ्या ठेवाव्यात. लेपाने घासणे क्वचितच, हलक्या हाताने आणि कडा सोडून करावे. त्यानंतर मेण द्यावे, ते वाळल्यावर कोरड्या कापडाने घोटावे, आणि पुढच्या खेपेस रंगाऐवजी मेणच झिजू द्यावे.

भाषेच्या अभ्यासकाला या उदाहरणाचे महत्त्व असे की, शब्दसंग्रहाचा संकोच हा कोशातल्या नोंदींचा हिशेब नसतो. एका शब्दाबरोबर एका क्रियेचे ज्ञानही जाते. घासणे, घोटणे आणि मेण देणे ही तीन क्रियापदे मराठीत अजून जिवंत आहेत. ‘पॉलिश’ हा शब्द बोलण्यातून काढून टाकणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु डबा उघडण्यापूर्वी तो बुटाचा आहे की तांदळाचा, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर अनेक जुन्या मोटारींचा मूळ रंग आणखी काही पावसाळे टिकेल.