फटफटी

परवा नातवाने विचारले, "आजोबा, बाइकला फटफटी का म्हणता?"

व्याकरणात आम्ही शिकवत असू, हा अनुकरणवाचक शब्द. बुलेटच घ्या. १९५५ पासून ती तेव्हाच्या मद्रासला बनू लागली. सिलिंडर एकच, इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट; म्हणून ठोके सुटे ऐकू येतात, फट्-फट्. लोकांनी त्या आवाजालाच नाव केले.

उजाडले या अर्थीही आपण 'फटफटले' म्हणतो. तिथे आवाज नाही, नुसता पांढरा उजेड.

वडील रात्री उशिरा येत. आई लांबूनच फटफटी ओळखून चूल पेटवी. एका रात्री ती तशीच कान देऊन बसली, आणि फटफटले. वडील आलेच नाहीत.

नातवाची गाडी विजेवरची, बिनआवाजाची. तो घरात दिसेपर्यंत मला झोप नाही.