चौलच्या खाडीतले सोबती

केडगावच्या मास्तराने खाडीवर लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु चौलचे बंदर एके काळी आमच्या नगरच्या निजामशाहीचेच होते. शेजारी रेवदंड्यास फिरंग्यांचा कोट. मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ साली त्याला वेढा घातला. तो फसला आणि १५७१ साली तह झाला. या हकिकतीत तोफा आहेत, हत्ती आहेत. कुंडलिकेच्या चिखलात पाग टाकणारा कोळी मला कुठे भेटला नाही. त्याचे पंचांग निराळे: अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. तिवरांच्या मुळांशी बोईट, निवट्या. पाय रुतला अन् भरती आली तर हात देणारा सोबती हवा. म्हणून दोघा-तिघांनी जायचे, मासळीचे वाटे करायचे. वेढ्याच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या ताटांत मासळी याच सोबत्यांची पडत असणार, असा माझा आपला तर्क आहे.